काळ्या पाच पट्ट्या आणि एक सा: संगीताच्या प्रवेशपरीक्षेसाठी कान आणि शास्त्र कसं तयार करायचं

शास्त्रीय गायनाच्या पदवीला प्रवेश घ्यायला आलेली मुलं राग तयार करून आलेली असतात. छोटा ख्याल, पाच-सहा आलाप, आठ-दहा ताना, सगळं बसलेलं असतं. ते गाऊन होतं. मग परीक्षक पेटीवर एक पट्टी दाबतात आणि म्हणतात, "हा तुझा सा. आता पुढे वाजवतो ते स्वर सांग." इथे कितीतरी चांगल्या गळ्यांची मुलं थांबतात. त्यांना स्वर माहीत असतात, रोज गात असतात, तरी उत्तर येत नाही. अशा मुलांची तयारी मी बरीच वर्षं करून घेते आहे. गोंधळलेल्या मुलाला "आता तुझा सा गा बरं" असं म्हणून पाहा. दहातली सात-आठ मुलं भलताच स्वर लावतात. चूक स्वराच्या नावात नसते, सा सुटलेला असतो.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच खुंटीला बांधलेल्या आहेत: काहीही ऐकताना सा मनात चालू राहिला पाहिजे. स्वरओळख, सरगम लिहिणं, राग ओळखणं, इतकंच नव्हे तर लेखी परीक्षेतला थाट (रागांचे मूळ स्वरगट) आणि वादी-संवादीचा (रागातले दोन मुख्य स्वर) भागही त्यानेच सोपा होतो.

पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा किंवा एसएनडीटीचा संगीत विभाग, गोव्यातलं संगीत महाविद्यालय, अशा ठिकाणी परीक्षेची रचना सारखी नसते आणि ती वर्षागणिक बदलूही शकते. कुठे लेखी पेपर असतो, कुठे सगळं तोंडी विचारतात. त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक आधी नीट वाचा. पण कशाची तयारी करायची ते फारसं बदलत नाही. तयार केलेला राग गायचा, वाजवलेले स्वर ओळखायचे, ऐकलेली ओळ सरगममध्ये म्हणायची, हातावर ताल द्यायचा, आणि शास्त्राची मूलभूत माहिती सांगायची. खालची तयारी तीन महिने हातात आहेत असं धरून लिहिली आहे. वाद्य वाजवणाऱ्यांनाही ती जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते.

पायरी १: पट्टी ठरवा आणि तंबोऱ्याजवळ बसा

मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत आवाज न ताणता जाईल ती तुमची पट्टी. मुलींची बहुधा काळी चार ते काळी पाच, मुलांची पांढरी एक ते पांढरी दोनच्या आसपास असते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी पट्टी पुन्हा तपासून घ्यावी. आवाज फुटल्यानंतर वर्ष-दोन वर्षं तो हळूहळू बसत असतो आणि जुनीच पट्टी धरून ठेवली तर वरचा पंचम ओरडून काढावा लागतो.

तंबोऱ्याच्या चार तारा: पहिली मंद्र पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची, म्हणजे मंद्र सा ची. मिरजेचा खरा तंबोरा घरी असेल तर भाग्यच, पण मोबाइलवरच्या तानपुऱ्यानेही काम भागतं. फक्त तो फोनच्या बारीक स्पीकरवर लावू नका. खर्जाची तार तिथे ऐकूच येत नाही, आणि आपल्याला हवी आहे नेमकी तीच. हेडफोन लावा किंवा बऱ्यापैकी स्पीकर घ्या.

पहिले आठ दिवस रोज दहा मिनिटं काही न गाता फक्त ऐका. खर्जाची तार छेडली गेली की तिच्या मागून, वरच्या अंगाने, एक गंधार तरंगत येतो. तो कोणी लावलेला नसतो. ताणलेली तार पूर्ण कंप पावते तशी भागाभागांतही कंप पावते, आणि पाच भागांतल्या कंपनातून दोन सप्तकं वरचा गंधार निर्माण होतो. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार तुम्हाला स्पष्ट ऐकू येऊ लागला की कान उघडला असं समजा. एकाला दोन दिवसांत येतो, दुसऱ्याला तीन आठवडे लागतात, आणि त्यावरून कोणाची पात्रता ठरत नाही.

त्यानंतर हा सराव: सा लावा, तंबोरा बंद करा, मनातल्या मनात तीस आकडे मोजा, पुन्हा सा लावा आणि तंबोरा सुरू करून पडताळा. जमलं की एक मिनिट, मग तीन, मग पाच. शेवटी मधल्या वेळात कोणाशी तरी दोन वाक्यं बोला आणि मग सा लावा. परीक्षेच्या खोलीत असंच होतं. परीक्षक नाव विचारतात, गाव विचारतात, कोणाकडे शिकलात ते विचारतात, आणि या बोलण्यातच सा हरवतो.

पेटीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. पेटीची पट्टी समान अंतरांनी लावलेली असते. सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक भाग १०० सेंट. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. गाताना तंबोऱ्याचा गंधार धरा. पण परीक्षेत ओळखायचे स्वर बहुधा पेटीवरच वाजतात, तेव्हा तो किंचित चढा गंधार ऐकून "हा वेगळाच काहीतरी आहे" असं वाटू नये इतकी पेटीचीही सवय हवी. आठवड्यातले पाच दिवस तंबोरा, दोन दिवस पेटी, एवढं पुरे.

पायरी २: एकेक स्वर

आरोह-अवरोह पाठ असणं आणि स्वर ओळखता येणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आरोहात पुढचा स्वर सवयीने येतो. ओळखताना मात्र तो एकटा येतो, कुठूनही येतो.

सुरुवात तीनच स्वरांनी करा: सा, प, तार सा. घरातल्या कोणालाही पेटीच्या त्या तीन पट्ट्यांवर खडूने खूण करून द्या आणि वाटेल त्या क्रमाने वाजवायला सांगा. आईला, धाकट्या भावाला, कोणालाही. वाजवणाऱ्याला संगीत येत नसेल तर अधिक चांगलं, कारण त्याचा क्रम खरोखर बेभरवशाचा असतो. तीन दिवसांनी गंधार घाला. मग मध्यम. मग रे, ध, नि. वीसपैकी अठरा बरोबर आल्याशिवाय नवा स्वर घालायचा नाही, ही शिस्त पाळाच. सगळे सात एकदम घेणारी मुलं अंदाजाची सवय लावून घेतात, आणि ती सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

एक चूक हमखास होते, तिची गंमत समजून घ्या. सा रे ग म आणि प ध नि सां या दोन चौकड्या बांधणीने सारख्या आहेत. पहिल्या तीन पावलांची अंतरं दोन्हीकडे तीच. त्यामुळे पंचमाला नकळत सा मानलं की धैवत ऐकून तोंडातून ऋषभ बाहेर पडतो आणि निषाद ऐकून गंधार. रे आणि ध यांत वारंवार गोंधळ होत असेल तर रे-ध जास्त घोकू नका, पायरी १ वर परत जा.

विकृत स्वर घेताना जोड्या करा: कोमल रे आणि शुद्ध रे, कोमल ग आणि शुद्ध ग, शुद्ध म आणि तीव्र म, असं एका वेळी एकच जोडपं. प्रत्येक स्वराचा ओढा कुठे आहे ते ऐका. कोमल रे सा वर उतरायला पाहतो. तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो. शुद्ध निषादाला तार सा शिवाय चैन पडत नाही, कोमल निषाद मात्र निवांतपणे धैवताकडे उतरतो. हा ओढा गळ्याने पडताळा: ऐकलेला स्वर गुणगुणा आणि तो जिथे जाऊ पाहतो तिथे जाऊ द्या. तो अर्ध्या पावलात सा वर आला तर कोमल रे, पूर्ण पाऊल टाकून आला तर शुद्ध रे.

रोज माणूस मिळत नसेल तर स्वतःच फोनवर वीस स्वर ध्वनिमुद्रित करा, प्रत्येकानंतर पाच सेकंद मोकळे सोडा, उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि ते दोन दिवसांनी ऐका. त्याच दिवशी ऐकलंत तर क्रम आठवतो, त्यातून कान तपासला जात नाही.

पायरी ३: काळ्या पाच पट्ट्यांचा प्रयोग

हा प्रयोग मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेते, आणि सगळ्या लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

पेटीवर फक्त काळ्या पट्ट्या वापरायच्या. काळी तीनला (तीन काळ्यांच्या गटातल्या पहिलीला) सा मानून पाचही पट्ट्या चढत वाजवा: सा रे ग प ध. हा भूप. आता पट्ट्या त्याच ठेवा, पण काळी चारला सा माना. स्वर झाले सा रे म प आणि कोमल नि, मधमाद सारंगाचे. काळी पाचला सा मानलं तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि: मालकंस. काळी एकपासून सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. काळी दोनपासून सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानी.

पट्ट्या त्याच पाच, राग पाच वेगळे, बदलला तो फक्त सा. शास्त्राच्या पुस्तकात याला मूर्च्छना म्हणतात आणि मुलं ती व्याख्या पाठ करतात. पाठ करू नका, वाजवा. पण नुसतं वाजवूनही उपयोग नाही: प्रत्येक वेळी नव्या पट्टीवर तंबोरा लावून घ्या आणि मग ऐका. भूपातला प्रसन्न गंधार मालकंसात गेल्यावर स्वतःच सा होऊन बसतो आणि सगळ्या रागाचा चेहरा गंभीर होतो. हे एकदा अंगावर आलं की राग ओळखण्याच्या प्रश्नात सा विसरणं किती महागात पडतं ते पुन्हा सांगावं लागत नाही. एक मुलगी भूपाची ध्वनिफीत ऐकून ठामपणे "दुर्गा" म्हणाली होती. तिने काहीही अंदाजपंचे सांगितलं नव्हतं. ओळ पंचमापासून सुरू झाली होती, तिने पंचमालाच सा धरलं होतं, आणि तिथून पुढचं तिचं उत्तर तर्काने बरोबरच होतं.

पायरी ४: ओळ ऐकून सरगम, स्वरलिपी पाहून गाणं

परीक्षक आकारात ('आ' म्हणत) एक छोटी ओळ गातात किंवा वाजवतात आणि तिची सरगम विचारतात. इथे घाई नडते. पहिल्यांदा ओळ नुसती ऐका, दुसऱ्यांदा ती आकारातच तशीच म्हणून दाखवा, आणि मगच सरगम लावा. जी ओळ गळ्यात उतरली नाही तिची सरगम कानाने काढता येत नाही. सरगम लावताना शेवटचा स्वर आधी ठरवा, कारण तो कानात सर्वात ताजा असतो आणि बहुतेक वेळा न्यासाचा, म्हणजे विसाव्याचा असतो. मग पहिला. मधले आपोआप जागेवर येतात. कणस्वर (ओझरते स्पर्शस्वर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पहिल्या फेरीत सोडून द्या, आधी मुक्कामाचे स्वर लिहा.

सरावाला उत्तम साहित्य तुमच्याकडे आधीपासून आहे: घरातली गणपतीची आरती, शाळेची प्रार्थना, लहानपणी कानावर पडलेली अंगाई. रोज एकीच्या दोन ओळी पेटीला हात न लावता स्वरलिपीत लिहा, आणि लिहून झाल्यावरच पेटीवर पडताळा.

स्वरलिपी वाचण्याबद्दल मात्र सावध राहा. महाराष्ट्रात पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे अशा दोघांच्या पद्धती शिकवल्या जातात, आणि त्यांच्या खुणा एकमेकींच्या उलट जातात. भातखंडे पद्धतीत स्वराखाली बिंदू म्हणजे मंद्र आणि वर बिंदू म्हणजे तार. पलुस्कर पद्धतीत मंद्र स्वराचा बिंदू वर असतो आणि तार स्वरावर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत तीव्र मध्यमाची खूण आहे. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर हलंतासारखी खूण देतात. तालातही तेच: भातखंडे पद्धतीत सम (तालाची पहिली मात्रा) गुणिलेच्या खुणेने आणि 'खाली' (जिथे टाळी न देता हात मोकळा दाखवतात ती मात्रा) शून्याने दाखवतात, तर पलुस्कर पद्धतीत सम १ या आकड्याने आणि खाली अधिकच्या खुणेने. परीक्षेत कागद हातात आला की गाण्याआधी तो कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहा. एका पद्धतीत शिकलेली मुलं दुसऱ्या पद्धतीतला मंद्र निषाद निःशंकपणे तार सप्तकात गातात. तयारीच्या काळात एकच बंदिश दोन्ही पद्धतींत लिहून काढली की हा घोळ कायमचा मिटतो.

पायरी ५: हातावर ताल

तीनताल, एकताल, झपताल, रूपक, केहरवा, दादरा हे सहा ठेके टाळी-खालीसह न अडखळता म्हणता आले पाहिजेत. धमार, चौताल, दीपचंदी यांची निदान मात्रा आणि खंड यांची माहिती हवी. घोळ होतो तो झपताल आणि रूपकात, म्हणून ते दोन लिहून देते.

झपताल, १० मात्रा: धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना. टाळ्या १, ३ आणि ८ वर, खाली ६ वर.

रूपक, ७ मात्रा: ती ती ना । धी ना । धी ना. खाली पहिल्याच मात्रेवर, टाळ्या ४ आणि ६ वर.

रूपकाची समच खालीवर आहे हे शास्त्राच्या वहीत सगळे लिहितात, पण हात मात्र सवयीने पहिल्या मात्रेला टाळी देतो. आरशासमोर बसून करा.

ऐकून ताल ओळखताना उजव्या हाताचे बोल मोजत बसू नका, डग्गा ऐका. डग्ग्याचा घुमारा जिथे नाहीसा होतो तिथे बहुधा खाली. तीनतालात नवव्या मात्रेला 'धा' असतोच, पण दहाव्यापासून तेराव्यापर्यंत 'तिं तिं ता ता' असा कोरडा पट्टा येतो आणि चौदाव्याला घुमारा परततो. विलंबित एकतालात मात्रा इतक्या लांबतात की मोजणं विसरायला होतं. तिथे 'तिरकिट' ही खूण धरा. ती चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येते. पहिल्या तिरकिटनंतर 'तू ना' ऐकू येतं आणि दुसरीनंतर 'धी ना', आणि त्या 'धी ना' नंतर सम. मुखडा (बंदिशीची समेकडे नेणारी सुरुवात) कुठे उचलायचा ते यावरून कळतं.

पण तीनतालाबद्दल जरा थांबा. नवव्या मात्रेला 'धा' असलेला, नेहमी वाजवला जाणारा पाठ असा: धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा. खंडाची खाली नवव्यावर मोजतात, पण कानाला कोरडेपणा दहाव्यापासून जाणवतो. कानावर विसंबून खाली एक मात्रा उशिरा देणारी मुलं याच कारणाने चुकतात.

दुगुन, तिगुन (दुप्पट, तिप्पट लयीत ठेका) विचारतात तेव्हा ती कुठून सुरू केली म्हणजे समेवर येईल हेही विचारतात. हिशेब सरळ आहे. झपतालाची दुगुन ५ मात्रांत संपते, म्हणून ५ मात्रा सोडून सहाव्यापासून. रूपकाची साडेतीन मात्रांत, म्हणून साडेतीन मात्रा सोडून, चौथीच्या मध्यावर. झपतालाच्या तिगुनेला ३ पूर्णांक १/३ मात्रा लागतात, म्हणजे ६ पूर्णांक २/३ मात्रांनंतर उचलायची. कागदावर हे सगळ्यांना येतं. हाताने टाळी देत तोंडाने म्हणता येणं यालाच गुण आहेत, म्हणून कागद बाजूला ठेवून करा.

पायरी ६: राग ओळखणं

शेकडो रागांच्या मागे लागू नका. पंधरा-वीस राग घ्या, पण जवळचे राग शेजारी शेजारी ठेवून ऐका. ऐकताना स्वतःला तीन प्रश्न विचारा: कोणते स्वर गैरहजर आहेत? ओळ कुठे विसावते? सगळा खेळ सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात चालला आहे की वरच्या?

मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिघं या प्रश्नांचं सर्वांत सुंदर उदाहरण. तिघांतही रे कोमल, म तीव्र, पंचम वर्ज्य. स्वरांची यादी लिहिली तर तीन रागांची एकच यादी होईल. पण मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत हे दोन खांब आहेत आणि सा कितीतरी वेळ टाळला जातो, त्यामुळे ऐकणारा अस्वस्थ होतो. पूरिया गंधार-निषादावर उभा राहतो आणि मंद्रात रमतो, त्याला एक खोली आहे. सोहनी वरच्या सप्तकात, तार षड्जाच्या आसपास चमकत राहते. मारव्यात सा कमी मिळतो म्हणूनच तो विद्यार्थ्यांना फसवतो: कान घाबरून धैवतालाच सा मानू लागतो. मारवा ऐकून सा धरून ठेवता आला तर परीक्षेतल्या बाकी कुठल्याच रागाची भीती बाळगायला नको.

भूप आणि देसकार यांचंही तसंच. स्वर तेच पाच. भूपाचा वादी गंधार, थाट कल्याण, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकाराचा वादी धैवत, थाट बिलावल, वेळ सकाळची. भीमपलासी आणि बागेश्री ही जोडी काफी थाटाची, दोघांचा वादी मध्यमच, पण भीमपलासी आरोहात रे-ध सोडून चढते, तर बागेश्री मध्यम-धैवताची संगत धरते आणि पंचमाला अगदी जपून हात लावते.

खात्री नसेल तेव्हा रागाचं नाव फेकण्यापेक्षा जे ऐकलं ते सांगा: "रे कोमल आहे, म तीव्र आहे, पंचम ऐकू आला नाही, ओळ मंद्रात विसावते आहे, पूरिया वाटतो." असं उत्तर देणारा विद्यार्थी नावात चुकला तरी त्याचा कान परीक्षकांना कळतो.

पायरी ७: शास्त्र

शास्त्राच्या पेपरला मुलं गाण्यापेक्षा जास्त घाबरतात. खरं तर आधीच्या सहा पायऱ्या नीट केल्या असतील तर यातलं पुष्कळ तुम्हाला येतंच.

दहा थाट पाठ हवेत: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. पण स्वर पाठ करण्याऐवजी बिलावलपासून एकेक स्वर बदलत चला. म तीव्र केला की कल्याण. नि कोमल केला की खमाज, त्यात ग कोमल केला की काफी, त्यात ध कोमल केला की आसावरी, त्यात रे कोमल केला की भैरवी. निम्मे थाट एका साखळीत बसले. ते गाऊन पाहा, एकेक स्वर झाकोळत जाताना ऐकू येतो.

एका थाटातून ४८४ राग कसे होतात हा आवडीचा प्रश्न आहे. सा कायम ठेवून उरलेल्या सहा स्वरांतून एकही न वगळता १ प्रकार, एक वगळून ६, दोन वगळून १५, एकूण २२. आरोहाचे २२ गुणिले अवरोहाचे २२ म्हणजे ४८४. संपूर्ण, षाडव, औडव (सात, सहा, पाच स्वरांच्या) या जातींची व्याख्या यातच आली.

बावीस श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांची) वाटणी अशी: सा, म, प यांना प्रत्येकी ४, रे आणि ध यांना ३, ग आणि नि यांना २. तारेवरच्या स्वरस्थानांचा प्रश्न आला तर ३६ इंचांची तार डोळ्यांसमोर आणा: निम्म्यावर, १८ इंचांवर तार सा, २४ वर पंचम, २७ वर मध्यम.

समयसिद्धांत उदाहरणांतून लिहा. वादी पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) असलेला राग साधारण दुपारी बारा ते रात्री बारा या काळातला, उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) असलेला त्यानंतरचा. भूप-देसकार इथे चपखल बसतात. कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार असलेले संधिप्रकाश राग, आणि त्यांत शुद्ध मध्यम सकाळकडे, तीव्र मध्यम संध्याकाळकडे बोट दाखवतो: सकाळी भैरव, संध्याकाळी पूर्वी. मध्यमाला अध्वदर्शक स्वर म्हणतात तो यामुळे.

चरित्रांत भातखंडे (१८६० ते १९३६) आणि पलुस्कर (१८७२ ते १९३१) यांच्यावर प्रश्न येण्याची शक्यता मोठी. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, हे साल लक्षात ठेवाच. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षा तुमच्यापैकी अनेकांनी दिल्या असतील, त्या याच मंडळाच्या. दोघांनी काय केलं ते लिहिताना नुसत्या तारखा देऊ नका. घराण्यांच्या भिंतीआड असलेली विद्या एकाने गावोगावी शाळा काढून खुली केली, दुसऱ्याने देशभर हिंडून बंदिशी गोळा करून त्या लिपीत उतरवल्या. आज तुम्ही विद्यापीठात अर्ज भरू शकता तो या दोघांच्या कष्टांमुळे.

मतभेद असतील तिथे ते लिहा. दुर्गाचा वादी कोणी मध्यम सांगतं, कोणी धैवत. आपल्या गुरूंनी शिकवलेलं मत मांडा आणि दुसरंही मत आहे असं एका वाक्यात नोंदवा.

पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे स्टाफ नोटेशन वाचणं आणि कॉर्ड ओळखणं वेगळं शिकावं लागेल, पण स्वरांतरांची ओळख तुमच्याकडे आहेच. सा-ग म्हणजे मेजर थर्ड, सा-कोमल ग म्हणजे मायनर थर्ड, सा-म म्हणजे परफेक्ट फोर्थ, सा-प म्हणजे परफेक्ट फिफ्थ. फरक एवढाच, तिथे प्रत्येक प्रश्नाला खालचा स्वर नवा असतो, म्हणून प्रत्येक वेळी त्यालाच सा मानून वरचा स्वर मोजायचा.

परीक्षेच्या दिवशी

आदल्या दिवशी नवं काही शिकू नका. सकाळी घरीच अर्धा तास मंद्र सप्तकात आवाज लावा. तयार रागांची यादी, प्रत्येकापुढे बंदिशीचा ताल आणि लय, असा एक कागद स्वच्छ अक्षरात लिहून न्या. परीक्षकांना निवड करणं सोपं जातं. यादीत तोच राग लिहा ज्यात दहा मिनिटं गाता येईल. लांबलचक यादीतला शेवटचा, कच्चा रागच नेमका विचारला जातो.

खोलीत गेल्यावर पट्टी स्पष्ट सांगा. साथीच्या तबल्याचा स्वर जुळला नसेल तर नम्रपणे सांगा, "जरा तबला मिळवून घेऊ का?" त्यात उद्धटपणा नाही, कान जागा असल्याची ती खूण आहे. राग मध्येच थांबवला तर घाबरू नका, वेळ कमी असल्याने सगळ्यांनाच थांबवतात.

स्वरओळखीच्या वेळी डोळे मिटून घ्या, दिलेला सा आधी हळू गुणगुणा, आणि मगच "सुरू करा सर" किंवा "सुरू करा मॅडम" म्हणा. चार-पाच स्वरांनंतर सा डळमळला असं वाटलं तर थांबून "पुन्हा सा मिळेल का?" असं विचारा. बहुतेक परीक्षक तो आनंदाने देतात. एक स्वर चुकला तर त्याच्यामागे मन गुंतवू नका, कारण तेवढ्यात पुढचा वाजून जातो. आणि उत्तर देताना आवाज मोकळा सोडा: "कोमल धैवत" असं नुसतं बोलण्यापेक्षा तो स्वर लावून नाव सांगा. गळ्याने लावलेला स्वर तुमचा तुम्हालाच ऐकू येतो, आणि नाव चुकत असेल तर ते तोंडातून निघण्याआधी कळतं.